मॅग्नमचं पितळ

साधारण २००० सालापासून पुढची चार-पाच वर्षं ज्यांनी कॉम्प्युटर घेतला त्यांना मेगाहर्ट्झची शर्यत आठवत असेल (लॅमिंग्टन रोडवर असेंबल करून घेतला असेल, तर जास्तच). तुम्ही तेव्हा शाळेत असाल तर मोठ्या भावाला विचारा. पेंटियम फोर आला तो दीड गिगाहर्ट्झचा, मग दोनचा, मग तीनचा. दुकानात शिरलं की पहिला प्रश्न "किती गिगाचा?" आणि शेवटचा प्रश्नही तोच. २००४ मध्ये गाडी ३.८ वर येऊन अडकली, ४ चा जाहीर केलेला प्रोसेसर इंटेलने त्याच वर्षी रद्द केला, आणि २००६ मध्ये आलेला कोअर टू डुओ कमी आकड्याचा असूनही जास्त वेगाने काम करायला लागला. खोक्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष काम यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

आजचा विषय प्रोसेसर नाही, रायफलीची काडतुसं आहे. दचकू नका! गेल्या काही वर्षांत अमेरिकेत लांब पल्ल्याच्या शिकारीचं जे वेड पसरलंय, त्यात मला तीच मेगाहर्ट्झची शर्यत दिसते. फरक एवढाच की तिथे आकडा फसला तर गेम अडकतो. इथे एक तीनशे किलोचं जनावर पोटात गोळी घेऊन जंगलात निघून जातं.

थोडी पार्श्वभूमी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीची दारं बंद झाली, आणि ते योग्यच झालं. अमेरिकेतली व्यवस्था वेगळी. तिथे शिकार परवान्यावर चालते. कुठल्या भागात, कोणत्या आठवड्यात, किती जनावरं, हे राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. एकट्या कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद. मी इकडे कोलोरॅडोत नोकरी करतो, शिकार करत नाही. पण टीममधल्या एका सहकाऱ्याच्या गॅरेजमध्ये शनिवारी बसून काडतुसं भरायला मला मनापासून आवडतं. (व्हिसावर असलेल्यांसाठी एक माहिती: बिगर-स्थलांतरित व्हिसाधारकाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला इथल्या संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे, वैध शिकार परवाना असणं हा त्यातला मुख्य अपवाद. तेव्हा उत्साहाच्या भरात काही करू नका.)

काडतूस भरणं म्हणजे काय? काडतुसाचे चार भाग: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसणारा प्राइमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळी निघून जाते, दारू जळते, प्राइमर वाया जातो. पुंगळी तेवढी उरते. ती साफ करून, साच्यातून दाबून मूळ मापाला आणायची, नवा प्राइमर बसवायचा, दारू मोजून ओतायची, गोळी बसवायची. दारूचं माप ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. सोनाराच्या तराजूचं काम आहे हे. छापील कोष्टकातल्या खालच्या मापापासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी चढायची, हा पहिला नियम. कोडिंग करणाऱ्या माणसाला हा छंद का लागतो ते कळायला वेळ लागत नाही: चल राशी बऱ्याच, आणि उत्तर लगेच कागदावर भोकांच्या रूपात!

आता मॅग्नमकडे येऊ. मॅग्नम हा मूळचा वाइनच्या बाटलीचा शब्द. नेहमीच्या दुप्पट, म्हणजे दीड लिटरची बाटली ती मॅग्नम. ब्रिटिश बंदूकवाल्यांनी तो उचलला आणि जास्त दारू मावणाऱ्या काडतुसाला लावला. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये .३७५ मॅग्नम काढलं ते आफ्रिका आणि हिंदुस्तानातल्या मोठ्या जनावरांसाठी. उष्ण हवेत पुंगळी चेंबरमध्ये अडकू नये म्हणून तिला निमुळता आकार दिला. पण खांदे इतके उतरते झाले की पुंगळी चेंबरमध्ये किती आत जाऊन थांबणार ते नक्की होईना. म्हणून बुडाजवळ पितळेचाच एक जाड पट्टा ठेवला. पुंगळी त्या पट्ट्यावर टेकायची. साधी, चोख अभियांत्रिकी.

१९२५ मध्ये त्याचाच धाकटा भाऊ .३०० एच अँड एच आला. १९३५ मध्ये बेन कम्फर्ट नावाच्या नेमबाजाने त्याच काडतुसावर कॅम्प पेरीला हजार यार्डांची विम्बल्डन कप स्पर्धा जिंकली आणि मॅग्नम म्हणजे लांबचा पल्ला हे समीकरण अमेरिकन डोक्यात बसलं. १९४० च्या दशकात रॉय वेदरबीने वेगाची जाहिरात सुरू केली. मग १९६२ मध्ये ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम, १९६३ मध्ये .३०० विंचेस्टर मॅग्नम. गंमत बघा: या दोन्ही काडतुसांचे खांदे चांगले पंचवीस अंशांचे आहेत, पुंगळी खांद्यावर नीट टेकू शकते. पट्ट्याची गरज संपली होती. तरी पट्टा राहिला. का? कारण मॅग्नम म्हटलं की पट्टा दिसला पाहिजे! ज्या फंक्शनला कोणी कॉल करत नाही पण काढायची कुणाची छाती होत नाही, तसला हा लेगसी कोड.

पुढे १९९९ मध्ये .३०० रेमिंग्टन अल्ट्रा मॅग्नम, २००१ मध्ये बुटकं .३०० डब्ल्यूएसएम, २०१८ मध्ये हॉर्नडीचं .३०० पीआरसी, २०२२ मध्ये ७ मिमी पीआरसी. यांच्यात पट्टा नाही. चला, चाळीस वर्षांनी का होईना, कोणीतरी कोड साफ केला.

पण या सगळ्या बाटल्यांमधून मिळतं काय? .३०-०६ हे १९०६ चं लष्करी काडतूस घ्या. तिच्या पुंगळीत साधारण ६८ ग्रेन पाणी मावतं. १८० ग्रेनची गोळी ती सेकंदाला २७०० फुटांच्या आसपास फेकते. .३०० विन मॅगमध्ये ९२ ग्रेनच्या आसपास पाणी मावतं आणि तीच गोळी २९५० च्या आसपास जाते. म्हणजे जागा ३५ टक्के वाढली, वेग ९ टक्के. जुन्या जाणत्यांचा ठोकताळाच आहे: जागा चार टक्के वाढवा, वेग एक टक्का वाढतो. अल्ट्रा मॅगमध्ये ११० च्या वर पाणी मावतं, म्हणजे .३०-०६ च्या दीडपटीहून जास्त, आणि वेग सव्वातीन हजाराच्या आसपास. त्या जादा वेगाची किंमत कोण मोजतं? एक, खांदा. धक्का इतका वाढतो की भलेभले चाप ओढण्याआधीच अंग आकसतात. दोन, नळी. एवढ्या दारूची ज्वाळा एवढ्याशा भोकातून जाते तेव्हा नळीचा सुरुवातीचा भाग भाजून निघतो; .३०८ ची नळी काही हजार गोळ्या टिकते, अल्ट्रा मॅगची हजार-बाराशेतच थकते. आणि तीन, सराव. ज्या रायफलीचा प्रत्येक बार दुखतो, महाग पडतो आणि नळी खातो, तिने सराव कोण करणार?

मॅग्नमच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे, तो सांगायलाच हवा. शिकारीची गोळी लागल्यावर फुलली पाहिजे, म्हणजे जनावर चटकन पडतं. फुलण्यासाठी तिला लागतानाचा किमान वेग हवा. बऱ्याच गोळ्यांसाठी तो सेकंदाला १८०० फूट धरतात. चांगल्या आकाराची तीच जड गोळी मॅग्नममधून दोन-अडीचशे फूट जास्त वेगाने निघाली, तर हा किमान वेग ती साधारण दीडशे यार्ड पुढेपर्यंत टिकवते. हा फायदा खोटा नाही. पण तो दीडशे यार्डांचा आहे, आणि विकला जातो असा की जणू हजार यार्डांचा परवानाच मिळाला.

आता पितळ. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला हा सर्वात रंजक भाग, आणि यूट्यूबवर सर्वात कमी चमकणारा.

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. एका जाड चकतीपासून सुरुवात करायची, तिची वाटी करायची आणि ती वाटी दाबत-ओढत लांब करत न्यायची. पितळ ठोकलं-ओढलं की कडक होतं, आणि फार कडक झालं की तडकतं; म्हणून मध्ये मध्ये तापवून मऊ करायचं. पुण्याच्या तांबट आळीत हेच पिढ्यानपिढ्या चाललं: ठोका, तापवा, परत ठोका. फक्त पुंगळीत खुबी अशी की एकाच भांड्यात दोन स्वभाव हवेत. बूड कडक, कारण तिथे चौरस इंचाला साठ-पासष्ट हजार पौंडांचा दाब येतो. आणि गळा मऊ, कारण त्याने बाराच्या वेळी फुगून चेंबर सील करायचं आणि लगेच मागे यायचं.

गळा तापवून मऊ करणं किती महत्त्वाचं, याचा धडा हिंदुस्तानातच मिळाला. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जायची, आणि नंतर बघावं तर न उडवलेल्या पुंगळ्यांना भेगा! म्हणून या प्रकाराला नावही 'ऋतूची तडक' अशा अर्थाचं पडलं. १९२१ मध्ये इंग्लंडमधल्या धातुशास्त्रज्ञांनी उलगडा केला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, पावसाळी ओल, आणि पितळ ओढताना आत दबून राहिलेला ताण. तिघं एकत्र आले की तडक. उपाय सोपा, तापवून तो ताण काढून टाकायचा. आज फिनलंडच्या लापुआची नवी पुंगळी हातात घेतली तर गळ्याशी निळसर-तपकिरी झाक दिसते. ती तापवल्याची खूण. बरेच कारखाने पॉलिश करून ती घालवतात, लापुआ ठेवतं. (आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावलाही काडतुसं बनतात. पुण्या-खानदेशातल्या कित्येक घरांत हे ज्ञान जेवणाच्या ताटावर बोललं गेलं असेल.)

मग चांगलं पितळ आणि साधं पितळ यात फरक काय? चकाकी नाही. फरक आहे तो सारखेपणाचा. शंभर पुंगळ्यांच्या भिंती सारख्या जाडीच्या हव्यात, एकाच पुंगळीचा गळा सगळ्या बाजूंनी सारखा हवा, आतली जागा सारखी हवी, बुडातलं प्राइमरचं भोक मधोमध हवं. साडेआठ ग्रेन पितळ जास्त आलं की आतली जागा एक ग्रेन पाण्याएवढी कमी होते, आणि त्याच दारूने दाब वाढतो. म्हणूनच पुंगळीचा ब्रँड बदलला की जुनं माप विसरून खालून सुरुवात करायची; हा सुरक्षेचा प्रश्न आहे, हौसेचा नाही. लापुआ, स्वीडनची नॉर्मा, जर्मनीची आरडब्ल्यूएस ही या क्षेत्रातली जुनी नावं. अलीकडे अमेरिकेत पीटरसन, अल्फा, एडीजी अशी छोटी घराणी उभी राहिली. त्यांची पुंगळी साध्या पुंगळीच्या दुप्पट किमतीला जाते, कधी त्याहूनही जास्त. पण बूड कडक असेल तर प्राइमरची खोबण लवकर सैल होत नाही आणि तीच पुंगळी जास्त वेळा भरता येते. हिशेब मांडला तर महाग पुंगळी बऱ्याचदा स्वस्त पडते.

आणि इथे तो जुना पट्टा परत आडवा येतो. पुंगळी पट्ट्यावर टेकते म्हणून चेंबरचा खांदा थोडा पुढे कापला तरी बंदूक चालते. मग पहिल्याच बारात पुंगळी त्या रिकाम्या जागेत ताणली जाते, पट्ट्याच्या जरा पुढे भिंत पातळ होते. भरणाऱ्याने दर वेळी ती पूर्ण मागे दाबली की दर बारात परत ताण. चार-पाच वेळा असं झालं की आतून चर पडते आणि एक दिवस बूड वेगळं, धड वेगळं! यावर उपाय: पट्ट्याला विसरायचं, पुंगळीचा खांदा फक्त एक-दोन सहस्रांश इंच मागे दाबायचा, आणि वाकड्या तारेने आतून चाचपून बघायचं. पितळ कितीही महाग घ्या, हे कळलं नाही तर पैसे पाण्यात.

आता आपल्या ओळखीचा प्रांत: सरासरी आणि विचलन. मॅग्नम सरासरी वाढवतं; चांगलं पितळ विचलन कमी करतं. सर्व्हरचं उदाहरण घ्या. सरासरी रिस्पॉन्स टाइम झकास आहे, पण शंभरातली एक रिक्वेस्ट दहा सेकंद लटकते. ग्राहक शिव्या घालतो तो त्या एकीमुळे. इथेही तसंच. वेगात दहा फुटांचा फरक पडला तर ६०० यार्डांवर गोळी साधारण अर्धा इंच वर-खाली होते. हजार यार्डांवर दोन-अडीच इंच. तीस फुटांचा फरक पडला तर हजारावर सहा-सात इंच. सहाशेवर पितळाची चैन परवडते. हजारावर ती गरज होते.

पण हे विचलन मोजतात कसं? पाच गोळ्या झाडतात, आणि "माझं स्टँडर्ड डेव्हिएशन आठ आहे" म्हणून फोटो टाकतात. मंडळी, पाच नमुन्यांवरून काढलेल्या आठचा ९५ टक्के खात्रीचा पल्ला साधारण ५ ते २३ आहे! तीस गोळ्या झाडा, मग तो साडेसहा ते पावणेअकरा होतो. २०२३ मध्ये गार्मिनचा खिशात मावणारा रडार क्रोनोग्राफ आला, त्यानंतर वेग मोजणं पोरखेळ झालंय. तरी लोक पाचावर थांबतात. पाच युजर्सवर ए-बी टेस्ट करून निष्कर्ष काढणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजरला आपण कॅन्टीनमध्ये बसून हसतो. मग इथे का नाही?

बरं, समजा तुम्ही तीस गोळ्या झाडल्या, उत्तम पितळ घेतलं, मॅग्नम घेतलं. आता खरी परीक्षा वाऱ्याची. २९०० फुटांनी निघालेली चांगली लांब गोळी, आणि बाजूने ताशी दहा मैलांचा वारा. ६०० यार्डांवर गोळी साधारण २० इंच सरकते. हजारावर साधारण ६० इंच, म्हणजे पाच फूट! तीच गोळी .३०-०६ मधून झाडली तर सहाशेवर २३ इंच. म्हणजे एवढ्या मॅग्नमने वाचवले तीन इंच, आणि वारा ओळखण्यात दीड मैलाची चूक झाली की ते तीनही गेले. दरीच्या या काठावरून त्या काठावर गोळी जाताना मधला वारा तीन दिशांनी वाहत असतो, आणि तुमच्या हातातलं यंत्र फक्त तुमच्या नाकासमोरचा वारा मोजतं.

आपण एक एरर बजेट मांडू. उभं-आडवं एकत्र करून, ढोबळ हिशेब. सहाशे यार्ड, डोंगरउतारावर पोटावर झोपलेला, धापा टाकणारा माणूस. रायफल आणि माणूस मिळून ४ इंचांची चूक. वारा अडीच मैलांनी चुकला, ५ इंच. वेगातला फरक २० फूट, १ इंच. चुका एकमेकींत सरळ मिळवत नाहीत. वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ काढतात. उत्तर येतं साडेसहा. आता पितळ इतकं परिपूर्ण करा की वेगाची चूक शून्य. उत्तर ६.४. एवढ्या कष्टांचं फळ एक दशांश इंच! मॅग्नमऐवजी .३०-०६ घेतली असती तर ७.१. वारा अडीचऐवजी दीड मैलापर्यंत ओळखायला शिकलात तर ५.१. आणि तीनशे यार्डांपर्यंत रांगत गेलात, तर... २.४.

हजार यार्डांवर तोच हिशेब सतरा इंचांच्या आसपास जातो. एल्कच्या हृदय-फुप्फुसांचा भाग फूट-सव्वा फुटाचा. म्हणजे चूक हीच लक्ष्यापेक्षा मोठी.

आणि यात एक चल राशी अजून धरलेलीच नाही. सहाशे यार्ड जायला गोळीला पाऊण सेकंद लागतो, हजार जायला जवळपास दीड. लोखंडी पाटी दीड सेकंद जागेवर उभी राहते. एल्क चरताना एक पाऊल टाकतो. तुमचा नेम बरोबर, वारा बरोबर, वेग बरोबर, आणि गोळी लागली पोटात. त्याच्यावर कुठलंही पितळ नाही.

लांबून झाडणारे यावर म्हणतात, "आम्ही वर्षभर सराव करतो, तो साधा शिकारी वर्षातून एकदा रायफल बाहेर काढतो आणि शंभर यार्डांवर जखमी करून सोडतो. जास्त जबाबदार कोण?" मुद्दा चांगला आहे. सराव न करता शंभरावर झाडणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण सराव करणाऱ्याचं कौशल्य जवळ जाऊन वापरलं तर उलट दुप्पट उपयोगी पडतं, नाही का? शिवाय जवळ चुकलेली गोळी लगेच दिसते, रक्ताचा माग लगेच काढता येतो. सहाशे यार्डांवरून दरी उतरून, चढून, त्या जागी पोहोचायला अर्धा-पाऊण तास, मधे सूर्य मावळलेला. ते झुडूप कुठलं होतं हेच सापडत नाही. "बहुतेक चुकली" असं ठरवून माणूस परततो. त्या 'बहुतेक' मध्ये किती जनावरं मरतात याची नोंद कुणाच्याही वहीत होत नाही. व्हिडिओ फक्त पडलेल्याचे येतात. न पडलेल्याचे कोण टाकणार? आपल्या भाषेत: लॉगमध्ये एरर नाही, कारण लॉगिंगच बंद आहे.

थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब ही शिकाऱ्यांचीच संस्था, शिकारविरोधकांची नव्हे. लांबून झाडण्याबद्दल त्यांची भूमिका स्पष्ट आहे: जनावराला नाक, कान, डोळे वापरून धोका ओळखण्याची संधीच न ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आयडाहो राज्यात मोठ्या शिकारीसाठी १६ पौंडांहून जड रायफल चालत नाही. मला तो नियम फार हुशारीचा वाटतो. यार्डात अंतर ठरवलं तर मोजायला कोण जाणार? वजन ठरवलं की काम झालं.

मग मॅग्नम आणि महागडं पितळ घेऊच नये का? घ्या की! माझा विरोध वस्तूला नाही, क्रमाला आहे. माझ्या मते क्रम असा असावा:

१. आधी दोनशे-तीनशे गोळ्या साध्या, न दुखणाऱ्या काडतुसाने झाडा. ६.५ क्रीडमूर (२००७) छोटं आहे, धक्का कमी, आणि वारा शिकवायला उत्तम मास्तर. बाकावरून नाही, जमिनीवरून, गुडघ्यावरून, धाप लागलेली असताना.

२. मग चांगलं पितळ घ्या, एकाच लॉटचं, शंभर. त्याची वही ठेवा: कितवी वेळ, कधी तापवलं, खोबण सैल झाली का.

३. तीस गोळ्यांवरून विचलन काढा. पाचांवरून नाही.

४. सगळ्यात शेवटी, गोळीला लागतानाचा वेग खरंच कमी पडतोय असं दिसलं तर मॅग्नम. आणि घ्यायचंच तर बिनपट्ट्याचं, किंवा .३०० विन मॅग घेऊन खांद्यावर टेकवायला शिका.

बाजार हा क्रम बरोबर उलटा विकतो. आधी मॅग्नम, मग हजार यार्डांची दुर्बीण, मग पितळ, आणि सराव जमलं तर. कारण पहिल्या तीन गोष्टींना किंमत लावता येते, चौथीला फक्त वेळ लागतो.

चांगल्या पितळाचा खरा उपयोग पल्ला वाढवणं हा नाहीच. काडतूस कच्चं असेल तर चुकलेल्या प्रत्येक गोळीला एक सबब असते: दारू कमी पडली असेल, पुंगळी वाकडी असेल. शंभर पुंगळ्या एकसारख्या झाल्या की सबबी संपतात. कागदावर जे पसरलेलं उरतं ते तुमचं स्वतःचं. मग तुम्हाला कळतं की आपला पल्ला साडेतीनशे आहे, की दोनशे ऐंशी. तो आकडा खोक्यावर छापलेला नसतो आणि मॅग्नमच्या जाहिरातीत तर नसतोच. पण डोंगरावर, समोर जनावर उभं असताना, कामाचा तेवढाच एक.

थोडक्यात काय, पितळ चांगलं असलं की माणसाचं पितळ उघडं पडतं. ते कागदावर पडलेलं बरं, जनावराच्या अंगावर नको. बघा पटतंय का.